पायाखालचा पत्रा

सळई माझ्या पोटरीला चाटून गेली तेव्हा मी म्हशीची गोष्ट सांगत होतो. आमच्या केदारखेड्यात एक म्हैस होती, ती भोकरदनच्या एस्टीचा हॉर्न वाजल्याशिवाय पान्हा सोडत नसे. मग एस्टीचा संप झाला, आणि मालकाने ड्रायव्हरला जेवायला बोलावून, पुरणपोळी पोटात गेल्यावर, हॉर्न तेवढा काढून ठेवून घेतला. इथपर्यंत आलो होतो आणि कापड जळाल्याचा वास आला. आधी वास, मग चटका, मग अक्कल. वळून पाहिलं तर लोखंड लाटणाऱ्या रोलातून बहकलेली लाल सळई भट्टीच्या भिंतीशी वेटोळं घालून पडलेली. मुकादमाच्या तोंडात शिट्टी, गाल टम्म. ती शिट्टी किती वेळची वाजत होती देव जाणे. सगळे खांबाखांबाच्या आड, आणि मधोमध मी. चिमटा हातात, तोंड उघडं, म्हशीसकट.

मग ते खांबाआडून बाहेर आले. वाघ, म्हणाले. ‘वाघ’ म्हणताना माणसाचा जबडा खाली पडतो, ते लांबूनही वाचता येतं. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी पायाशी वाकून पँटचं भोक पाहिलं. मी जागचा हललो नव्हतो, एवढंच त्यांना दिसलं होतं. का हललो नाही, हे एकाही लेकाच्या डोक्यात आलं नाही. इथे ज्याचं बोट चेमटतं तो बोट खिशात घालून चहा पितो, छातीत कळ आली तर कोपऱ्यात जाऊन विडी ओढतो. हलणं म्हणजे घाबरणं, एवढं एकच शास्त्र. मी म्हणालो, “सळई वळखून हाय मला. अंगाला हात लावत न्हाई.” हशा झाला असावा. दात दिसले.

फक्त मच्छिंद्र हसला नाही. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, ती अर्धी सोडून उठला होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. “मरशील ना भाड्या,” एवढं बोलला आणि थुंकला.

मच्छिंद्र म्हणजे माझ्या समोरचा चिमटेवाला. मधे रोल, अलीकडे मी, पलीकडे तो. भट्टीतून निघालेली सळई त्याच्या बाजूने रोलात शिरायची, माझ्याकडे बारीक होऊन निघायची, मी तिला चिमट्यात धरून वळवायची आणि दुसऱ्या खाचेतून परत त्याच्याकडे पाठवायची. मिल निघाली त्र्याऐंशीत, तेव्हापासून हेच थोबाड समोर. बायकोचं तोंड मी इतकं पाहिलेलं नाही. शहागडचा माणूस, हायवेवर ट्रकवाल्यांना पेरू विकत मोठा झालेला. त्यामुळे त्याला वाटायचं की जगातला प्रत्येक जण रस्ता चुकलेला ट्रक आहे आणि त्याला बाजूला घ्यायला लावणं हे आपलं काम. चिमट्याचं शेपूट तो सारखं पायाखालच्या लोखंडी पत्र्यावर आपटायचा. ठक. माझ्याकडे बघून दात काढायचा. पुन्हा ठक. पत्रा दोघांच्या पायांखालून एकच गेलेला, त्यामुळे ती ठक माझ्या टाचेतून निघून थेट दाढेत यायची. बैलाला हुसकावतात तशी. मी चिडून बाजूला व्हायचो, आईबहिणीवरून त्याचा उद्धार करायचो, तो खूश. त्या ठकेचा मला जितका राग होता तितका भट्टीच्या धगीचा नव्हता. धगीला तोंड नसतं.

आणि मला ऐकू येत नव्हतं. हे गिरणीत फक्त मला ठाऊक होतं, निदान मी तसं धरून चाललो होतो. आवाज काही एकदम जात नाहीत. पाहुण्यांसारखे एकेक उठतात आणि दाराशी चपला शोधत बराच वेळ घालवतात. आधी रातकिडे गेले. मला वाटलं, शहर वाढलं, किडे मेले. मग बायकोच्या, तुळजाबाईच्या, बांगड्या गेल्या. मला वाटलं, हिने काढून ठेवल्या, आणि का काढल्या म्हणून मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. बांगड्या हातातच होत्या. मग कुकरची शिट्टी गेली, चाळीतल्या पोरांचं रडणं गेलं, त्याचं काही वाईट वाटलं नाही. मग एके दिवशी गावी गेलो तर थोरला भाऊ बद्रीनाथ बांधावर उभा राहून तोंड उघडत होता, मिटत होता, विहिरीतल्या माशासारखा. मी “हो, हो” म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. कोण गेलं होतं ते मला दुपारी सरण पाहिल्यावर कळलं. आई गेल्ती. मी त्या बातमीला “हो, हो” म्हणालो होतो. त्या दिवसापासून मी ठरवलं की समोरच्याला बोलूच द्यायचं नाही.

सोपं असतं ते. बोलणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मी गोष्टी सांगायला लागलो. रोज नवी, रोज मागच्यापेक्षा मोठी. माझ्या चुलत्याने मिशीला दोरी बांधून उसाचा ट्रक ओढला. आमच्याकडच्या गारा एवढ्या मोठ्या की एकीत बेडूक जिवंत निघाला आणि तो पुढे सरपंच झाला. आणि सगळ्यांत लाडकी थाप म्हणजे माझे कान. मला मुंग्यांची पावलं ऐकू येतात, मी सांगायचो. साखरेकडे निघालेल्या मुंगीची चाल वेगळी आणि साखर घेऊन परतणाऱ्या मुंगीची वेगळी. ज्या घरात पीठ नसतं तिथलाच माणूस जेवणाच्या गप्पा मारतो, तसं. गिरणीच्या गदारोळात माझी गोष्ट कुणाला नीट ऐकू जात असेल असं नाही, पण माझं तोंड चालू असायचं, आणि चालू तोंड म्हणजे धडधाकट माणूस. सळई रोलातून निघाली की तेवढं मिटायचं, धरली की पुन्हा चालू.

घर मात्र वैऱ्याचं झालं होतं. जुन्या जालन्यात कापडाच्या पेठेमागे आमची खोली. खाली गोदाम, वर लाकडी फळ्यांची जमीन. तुळजाबाई पूर्वी हाक मारायची. आता मारत नव्हती. मी खाटेवर पडलो की येऊन शेजारी टाच आपटायची, सगळ्या फळ्या हादरायच्या. ताट ठेवायची तेही असं, की जणू ताटात माझंच डोकं आहे. त्या संध्याकाळी पँटचं भोक पाहून ती पुढ्यात येऊन बसली. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द दळून काढल्यासारखा, म्हणाली, “दवाखान्यात चला.”

“पोटरीला? तेल लाव, जातंय.”

“पोटरीला न्हाई.”

“मंग कशाला?”

तिने कानाच्या पाळीला बोट लावलं. मी लगेच गारांची गोष्ट काढली. ती उठली आणि जाता जाता टाच आपटून गेली. इतकी वर्षं संसार केला आणि शेवटी ही किंमत, मी मनात म्हणालो. कुत्र्याला सुद्धा लोक यूऽ यूऽ करतात.

दुसऱ्याच दिवशी गिरणीच्या फाटकावर कापडी फलक. पुरुष कामगार आरोग्य सप्ताह. केशवसाहेब म्हणून एक कल्याण अधिकारी नव्याने आले होते. गोरे, शहरातले, हसताना माफी मागितल्यासारखे हसायचे. मागे त्यांनी सगळ्यांना कानात घालायची रबरी बोंडं वाटली होती. ती कुणी कानात घातली नाहीत, बायकी वाटायची. एकाने आपली रॉकेलच्या बाटलीला बूच म्हणून लावली, कुणी पोरांना खेळायला दिली, माझी मी पेठेतल्या अत्तरवाल्याला देऊन टाकली. आता साहेबांनी औरंगाबादहून माणसं आणली होती. रक्तदाब, साखर, छाती आणि कान. मला ‘कान’ हा शब्द त्यांच्या ओठांवर दिसला आणि पोटरी पुन्हा भाजली.

“घाबरायचं काही कारण नाही,” साहेब म्हणाले. ते नेहमी तोंड नीट उघडून बोलत, त्याबद्दल मात्र मी त्यांना दुवा देतो. “तुमच्याच भल्यासाठी आहे. कुणाला त्रास असेल तर हलकं काम देऊ.”

हलकं काम. भंगाराच्या यार्डात बसून पत्र्याचे डबे निवडायचे, गेटवर हजेरीची घंटा मारायची. ज्याच्या हातात चिमटा तो गिरणीत माणूस. ज्याच्या हातून चिमटा गेला त्याला चहासुद्धा शेवटी मिळतो. मी पाहिलेत असे. खोकणारे, डोळ्यात ठिणगी गेलेले, यार्डाच्या कोपऱ्यात ऊन खात बसलेले. आपण जवळून गेलो की मान वर करून हसतात, ओळख असल्यासारखं. मला त्यांचा इतका राग यायचा की मी वाट बदलून जायचो. ह्या भल्याला माझा नमस्कार, मी म्हणालो, लांबून.

तपासणी स्टोअरच्या डोक्यावरच्या खोलीत होती. लोखंडी जिना, खालीही लोखंडी पत्राच, चालताना पावलाखाली गुणगुणणारा. अरुंधती मॅडम नावाची चष्मेवाली बाई टेबलामागे एक पेटी घेऊन बसली होती. तिने मला तिच्याकडे पाठ करून बसवलं, कानांवर जाड डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बस्स. डब्यांच्या आत मी एकटा. तिथे कसली शांतता म्हणता. शांततेलाही काही तरी आवाज असतो, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, तो गेल्यावर कळतं. मी फासावर चढल्यासारखं समोर पाहिलं. समोर कपाट. कपाटाला काच. काचेत मॅडम, मॅडमचा हात, हातातली खुंटी. हात खाली गेला की मी बटण दाबलं. पुन्हा खाली, पुन्हा दाबलं. मधेच एकदा मुद्दाम चुकलो, अगदी सगळंच बरोबर आलं तर शंका यायची. मनात त्या बाईला, साहेबाला, त्या फलकाला अशा शिव्या देत होतो की काच तडकायला हवी होती.

“चांगले आहेत हो कान तुमचे,” मॅडम समोर येऊन म्हणाली. “या कामात इतकी वर्षं, आश्चर्य आहे.”

“मुंगीचं पाऊल ऐकतो बाई मी.”

ती हसली. मी जिना उतरलो तेव्हा मच्छिंद्र वर चढत होता. मी त्याला खांद्याने धक्का दिला, सवयीने.

मी नळापाशी तोंड धूत होतो तेव्हा तो खाली आला. खूप वेळाने आला. साहेब त्याच्याबरोबर होते आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते, दंडावर हात ठेवून, जसं म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात. मग साहेब वर गेले. मच्छिंद्र नळापाशी येऊन उभा राहिला. मिशी ओली होती.

“गेले,” तो म्हणाला.

“कोण?”

“कान. दोन्ही. म्याडम म्हन्ली, कवाचेच गेलेत.” त्याने बोट माझ्या छातीवर टेकवलं. “तू कसा सुटला रे? काचेत पाह्यलं ना? माझ्या टायमाला त्या साहेबानं कपाट उघडं टाकलं. काच फिरली भिताडाकडं.”

माझ्या हातातलं पाणी खाली गेलं. “कशाची काच? काय बोलून राह्यला?”

“मला नको शिकवू. तू बहिरा हाईस हे मला तुझ्या बायकोच्या आधीपासून ठावं हाय. एका बहिऱ्याला दुसरा वळखू येतो.” मग तो हसला, तेच दात. “मंग काय, मला तुझं तोंड आवडत व्हतं म्हनून पाहात बसायचो का इतकी वर्सं? तुझं मेलं तोंड बंद झालं की मी समजायचो, सळई निघाली. तीच माझी शिट्टी. आता यार्डात तुझ्या गोष्टी तरी सुटल्या. एक बी खरी नव्हती.”

“आणि तू पत्रा का ठोकायचा?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हा केवढा मूर्ख. वळला, आणि चालायला लागला. मी ओरडून शिवी दिली. दिलेली त्याला कळली नाही, पाठ होती.

रागच आला मला. दुसरं काही येत नव्हतं. चालत घरी गेलो, मोंढ्यातून, हातगाड्या, रिक्षा, स्कूटर, सगळं तोंड उघडून मिटणारं, काचेमागचं. म्हणजे हा लेकाचा मला सांभाळत होता? मी कधी सांगितलं होतं? आणि मी ह्याला सांभाळत होतो, मला न विचारता? कुणाला उपकार करायचे असतील तर निदान तोंड तरी वाईट करू नये. मी तुळजाबाईला सांगितलं, मच्छिंद्र नापास, मी पास. तिने ऐकलं आणि भाकरी परातीतच राहिली. ती पिठाच्या हाताकडे पाहत बसली. आनंद झाला नाही तिला. मी तेही हिशेबात धरलं.

सकाळी समोर धर्मराज. नवा चिमटेवाला, हट्टाकट्टा, दोन्ही कान जागेवर, येता येता माझ्या पाया पडला. “काका, तुमच्या समोर उभं राह्याचं म्हंजे नशीब,” म्हणाला. मी म्हशीची गोष्ट सुरू केली. ती अर्धी राहिली होती. हॉर्न मालकाच्या घरी आला, पण तो वाजवायला बॅटरी नाही. धर्मराज माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो रोलाकडे बघत होता, शहाण्यासारखा. सळया येत होत्या, जात होत्या. आणि काहीतरी नव्हतं. पहिल्यांदा वाटलं बूट बदलले. मग वाटलं पाय बधिर झाले. टाचेत, घोट्यात, दाढेत, कुठेच काही नव्हतं. पत्रा मेला होता. नुसतं थंड लोखंड, थरथरणारं, एकसारखं, त्यात कुणाचाही शब्द नाही. मी एकदम उघड्या रानात उभा असल्यासारखा झालो, चारी बाजूंनी, आणि मागे कोण येतंय ते कळायला वाटच नाही. मी गोष्ट जोरात सांगू लागलो.

सळई आली, मी धरली, वळवली, खाचेत घातली. तोवर धर्मराजने चिमटा खाली घेतला होता. त्याने दोन्ही हात वर केले होते. त्याची सळई खाचेत अडकली होती, शिट्टी वाजली असणार, ‘थांबा’ म्हणून, सगळी गिरणी थांबली असणार. मी नाही थांबलो. माझी सळई त्या अडकलेलीवर जाऊन आपटली, फणा काढून उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावरून गेली. त्याचं मुंडासं पेटलं. लोकांनी ते ओढून पायाखाली तुडवलं. कानाच्या पाळीवर चट्टा, भुवईचे केस गेलेले; एक वीतभर खाली असती तर मान गेली असती.

तो उठून माझ्याकडे आला. पांढराफटक. हात जोडले.

“चुकलं काका माझं,” धर्मराज म्हणाला. “मी जल्दी हात वर केला आसंल. तुमचे कान तर बराबर हायेत.”

मुकादमसुद्धा त्याच्यावरच ओरडत होता. मी मुकादमाचं तोंड वाचलं. कुणीही, एकही जण, माझ्याकडे संशयाने पाहत नव्हता. मी सांगायचो त्या सगळ्या थापांत ही एकच त्यांनी खरी धरली होती. मी चिमटा पत्र्यावर टाकला. केवढ्याने पडला असेल. मला टाचेत कळलं.

स्टोअरचा जिना चढलो. वरच्या दाराशी मच्छिंद्र उभा. साहेबांनी त्याला हलकं काम दिलं होतं: सप्ताह संपेपर्यंत तपासणीला माणसांना नावाने हाका मारायच्या. बहिऱ्याला. बरी दया असते ह्या लोकांची. तो भिंतीला टेकून उभा होता, मला पाहून नाक मुरडलं. मी त्याच्याकडे न बघता आत गेलो.

“परत लावा,” मी अरुंधती मॅडमला म्हणालो.

ती काहीतरी म्हणाली. झालीय की तुमची, असं असावं. मी खुर्ची उचलली, कपाटापासून फिरवली आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलो. आता मॅडम माझ्या उजव्या हाताला आली, दार मागे गेलं. “परत लावा,” पुन्हा म्हणालो, “आणि तुमचा हात मला दिसू देऊ नका, बाई.” मग डबे कानांवर बसले. बटण हातात आलं. भिंतीवर चुना, चुन्यात एक भेग, भेगेतून एक मुंगी. ती भिंत चढत होती आणि तिचे सहाही पाय हलत होते. मी कान देऊन पाहत राहिलो.

ठक.

टाचेतून आली. घोट्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून दाढेत. थोडा वेळ गेला आणि पुन्हा, ठक. मागे दाराशी मच्छिंद्र उभा होता. त्याला तिथून मॅडमचा हात दिसत होता. हात खाली गेला की तो टाच आपटत होता, बरोबर, एकही न चुकवता, स्वतः नापास होऊन बसलेला माणूस. ठक. आणि त्याबरोबर लाकडी फळ्या, खाट, तुळजाबाईची भेगाळलेली टाच, आपटून आपटून भेगाळलेली, ताटं, परात, सगळं एकामागून एक पायातून वर आलं आणि मला कुठे ठेवावं कळेना. अंगठा आपोआप बटणाकडे निघाला. सवयच होती त्याला.

“गप उभा राह्य की रे, शहागड्या,” मी भिंतीकडे पाहत ओरडलो. “तुला कोनी सांगितलं मधी मधी करायला?”

त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतंच. माझी पाठ होती त्याच्याकडे. मी बटण मांडीवर सोडून दिलं आणि दोन्ही हात बगलेत घट्ट दाबून बसलो. मुंगी भेगेच्या टोकाशी पोचली.

तो ठोकतच राहिला.